मुरुडचे अण्णा आणि देवरुखच्या बाया

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे माडांची वाडी, गुरे, सासूसासरे आणि दोन मुले यांच्यातून हाती लेखणी आली ती वाण्याचा हिशेब मांडण्यापुरतीच. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून दोन माणसे माझ्या मनात येऊन बसली आहेत. त्यांच्याविषयी लिहिते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

झाले असे की, माझ्या मोठ्या मुलीला पुण्यास इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. कर्वेनगरात कमिन्स नावाचे मुलींचे कॉलेज आहे, तेथे. तिला पोहोचवावयास मी आणि हे गेलो. त्या संस्थेने आपली जुनी झोपडी जपून ठेवली आहे. एवढाल्या इमारती, हजारो मुली, सायकली, स्कूटरी, आणि मध्ये ही आपल्याकडच्या मांगरासारखी झोपडी! मुलीने विचारले, "आई, हे कर्वे आपल्या कोकणातलेच ना?" मी हो म्हटले. त्यापुढे मला काही सांगता येईना. मुलीला ठेवून परत येताना गाडीत मला त्याचीच चुटपुट लागून राहिली. घरी आल्यावर वाचनालयातून दोन पुस्तके आणली. एक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' आणि दुसरे त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण'. अण्णांचे वाचून आदर वाटला. बायांचे वाचून झोप उडाली.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी आपण सारे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. तेव्हा दापोलीजवळच्या मुरुडचे अण्णा आणि देवरुखच्या बाया ही आपल्या जिल्ह्याचीच माणसे म्हणावयास हरकत नाही.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवली येथे. कर्व्यांचे घराणे एके काळी तालेवार होते, परंतु अण्णांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत ते सारे ओसरले होते. राहिला तो मान, आणि कोणापुढे हात पसरावयाचा नाही ही घरची शिकवण. मला तर यात गंमत वाटते. ज्या घराने मुलाला हात पसरू नको असे शिकविले, त्या मुलाने पुढे सारा जन्म हात पसरला. स्वतःसाठी मात्र नव्हे.

१८७५ साली मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यास पायी गेला. शंभर मैलांहून अधिक वाट, पावसाळ्याचे दिवस, सह्याद्रीचा घाट आणि सोबत दोन-चार सोबती. चार दिवस चालून पोहोचल्यावर साहेबांनी याच्याकडे पाहिले आणि, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असे म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. अंगाने किरकोळ, एवढाच अपराध! आला तसा परत गेला आणि पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन पास झाला. आमच्या लहानपणी आम्ही शाळेला तीन मैल चालत जात होतो तर किती कुरकुर करीत होतो. सातवीनंतरची शाळा सात मैलांवर म्हणून माझी शाळा तेथेच थांबली. असो.

पुढे मुंबईस शिकवण्या करीत करीत ते १८८४ साली बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. मागे रघुनाथ हा मुलगा राहिला. त्याच वर्षी अण्णा पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास गेले. वय तेहतीस, चांगली नोकरी. कोणीही आपली कुमारिका मुलगी दिली असती. पण अण्णांनी ठरविले होते, लग्न करीन तर विधवेशी.

आता बायांकडे वळते. त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई, देवरुखच्या जोशांची मुलगी. आठव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळावयाच्या आत ती विधवा झाली. पुढची कितीतरी वर्षे सासरी राबण्यात गेली. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईस शिकत होते. ते आणि अण्णा स्नेही, एका बिऱ्हाडात राहिलेले. भावाने बहिणीला मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' काढले, त्यात शिकावयास आलेली पहिली विधवा म्हणजे आपली ही गोदूबाई. विशी उलटलेली बाई मुळाक्षरांपासून लिहावयास शिकली.

नरहरपंतांचे वडील एकदा अण्णांना म्हणाले की तुम्ही पुन्हा लग्न करावे. अण्णांनी आपला निश्चय सांगितला आणि मग त्यांच्याच मुलीला मागणी घातली. म्हाताऱ्या जोशीबोवांनी ती मान्य केली, याचे मला फार नवल वाटते. सुधारकांची नावे आपण घेतो, पण देवरुखच्या त्या बापाचे धैर्य काय कमी होते? ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास लग्न झाले. शारदा सदन निघाले तीच तारीख. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मग मुरुडला काय झाले ते ऐका. नवी सून घेऊन अण्णा गावी गेले तेव्हा गावकीने ठराव केला. कर्वे ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसावयाचे नाही, आणि आईने त्यांना घरात घेतले तर ते घरही वाळीत. याच गावासाठी अण्णांनी लग्नापूर्वीच 'मुरुड फंड' काढला होता. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा हिस्सा गावच्या कामासाठी द्यावा, अशी ती योजना होती. गावाने फंड ठेवला आणि फंड काढणाऱ्याला वाळीत टाकले! आईची काय दशा झाली असेल? मुलगा दारात आलेला, आणि आत ये म्हणावे तर बाकीच्या मुलांचे संसार उघड्यावर पडतात. मी हे वाचले तेव्हा भात उतू जात होता तरी उठले नाही.

पण बायांच्या पुस्तकात मला सर्वांत बोचले ते गावाचे वागणे नव्हे. गाव तसेच वागणार. बोचले ते पुढचे.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. स्वतःचे साठविलेले १,००० रुपये त्यात घातले. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे जागा दिली, आणि तीच ही झोपडी. दिवसभर कॉलेजात शिकवावयाचे आणि संध्याकाळी सामान खांद्यावर टाकून चिखल तुडवीत हिंगण्यास जावयाचे, असे अण्णांनी कितीक दिवस काढले. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. परंतु तेथे मुलींची लग्ने लावतात असे लोकांना वाटले तर कोणी आपली मुलगी पाठविणार नाही, म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाचे काम आणि आश्रमाचे काम अगदी वेगळे ठेवले. आणि म्हणून पुनर्विवाह केलेल्या त्यांच्या स्वतःच्या बायकोलाही आश्रमापासून लांब राहावे लागले. आश्रम विधवांचा आणि चालविणारी माणसे बायांच्या घरची. त्यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या मोठ्या आधार झाल्या. पण बाया मात्र बाहेर!

मला अण्णांचा राग आला, खरे सांगते. दोन दिवस पुस्तक मिटून ठेवले. मग विचार केला की, तेव्हा आश्रमात आलेल्या त्या आठ-दहा मुलींना दुसरे कोण होते? आश्रम मोडला असता तर त्या पुन्हा चुलीपुढेच गेल्या असत्या. अण्णांचे गणित चुकले नव्हते. पण त्या गणितात वजा कोणाला केले, ते बायांनी पुस्तक लिहिले म्हणूनच आपल्याला कळते.

ही गोष्ट मी आमच्या सासूबाईंना सांगितली. त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि दृष्टी अधू झाली असली तरी कान शाबूत आहेत. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या थोरल्या आत्येचा तसाच झाला गो." ही आत्ये मी पाहिलेली नाही. तिचा घो होडीवर होता. एका वादळात होडी आली ती रिकामीच. ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. आमच्या समाजात पाट लावण्याची चाल पूर्वीपासून होती. तरुण मुलींना पाट म्हणजे बसावयाचा पाट वाटेल म्हणून सांगते, विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणत. तेव्हा आमच्यात ब्राह्मणांसारखे केशवपन नव्हते की जन्मभर कोपऱ्यात बसणे नव्हते. आत्येचा पाट शेजारच्या वाडीतल्या एका बिजवराशी लागला. पण कसा? रात्रीच्या अंधारात, वाजंत्री नाही, मांडव नाही, आणि सवाशिणींनी तेथे फिरकावयाचे नाही. पुढे तिने चार मुलांचा संसार केला, पण कोणाच्या हळदीला तिचा हात लागला नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात सुद्धा नवरीला हळद लावावयाच्या वेळी ती मागच्या पडवीत नारळ सोलत बसली. सासूबाई तेव्हा लहान होत्या. त्या तिला बोलवावयास गेल्या तर म्हणाली, "माका काम आसा, तू जा." तर मंडळी, आमच्याकडे चाल होती म्हणून आम्ही मोठे सुधारलेले होतो असे कोणी समजू नये.

बाया मात्र पडवीत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वभाव तापट, बोलणे रोखठोक. अण्णांनी घरातला पैसा आश्रमास द्यावा आणि बायांनी डाळतांदळाची काळजी करावी, असे त्यांच्या घरात वर्षानुवर्षे चालले. एकदा तर अण्णांनी आपल्या आयुष्याचा विमाही आश्रमाच्या नावे करून टाकला. उद्या यांचे बरेवाईट झाले तर पदरातल्या पोरांनी काय करावे? ही काळजी आपल्यापैकी कोणाला समजणार नाही? बाया रडत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, म्हणजे चार पैसे स्वतःच्या हाताने मिळविता येतील. शंकर, दिनकर आणि भास्कर या तिन्ही मुलांना वाढविले. सावत्र रघुनाथ होताच. हेच ते र. धों. कर्वे, ज्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. घरात एकेक मनुष्य असे, मग त्या घरच्या बाईने तापट नसावे तर काय करावे!

१९१४ साली अण्णा फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. वय छप्पन्न. आमच्याकडे मुंबईची नोकरी संपवून माणसे गावी येतात, घराला चिरेबंदी जोते बांधतात आणि संध्याकाळी बंदरावर जाऊन बसतात. त्यात वाईट काही नाही. पण अण्णांचे मोठे काम पुढेच व्हावयाचे होते. जपानातल्या टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ साली मुंबईस सामाजिक परिषदेचे अध्यक्ष असताना त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. आरंभी विद्यार्थिनी होत्या चार-पाच. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात ते जपानचे विद्यापीठ स्वतः पाहिले होते. त्यांनी १९२० साली १५ लाख रुपये दिले, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो ते.

आता प्रवासाचे सांगते. या कुटुंबातली परदेशी पैसे मिळवावयास गेलेली पहिली व्यक्ती अण्णा नव्हेत. ती बायांची बहीण पार्वतीबाई. १९१८ साली ही देवरुखची विधवा, मोडके इंग्रजी घेऊन, एकटी अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी भांडी घासून, घरकाम करून राहिली, भाषा शिकली, आश्रमासाठी वर्गणी जमविली आणि १९२० साली परत आली. मला मालवणहून पुण्यास जावयाचे तर आठ दिवस आधी पोटात गोळा येतो.

अण्णा निघाले १९२९ च्या मार्चमध्ये. एकाहत्तरावे वर्ष चालू. इंग्लंडात व्याख्याने दिली, जिनीव्हा आणि डेन्मार्कातील एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांना गेले, मग अमेरिका केली आणि जपानात ते टोकियोचे विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले. ज्या पुस्तिकेवरून हे सारे निघाले ती जागा चौदा वर्षांनी पाहताना त्यांना काय वाटले असेल? एप्रिल १९३० मध्ये परत आले. त्याच सुमारास त्यांची सून इरावतीबाई जर्मनीत बर्लिनला शिकत होत्या. पण त्यांनी तिकडे जावे हे अण्णांना पसंत नव्हते म्हणतात. जगभर स्त्रीशिक्षणावर बोलणाऱ्या माणसाचे घरच्या सुनेविषयी असे व्हावे! दिनकरराव ठाम राहिले आणि इरावतीबाई गेल्या. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या त्या याच.

डिसेंबर १९३० मध्ये अण्णा आफ्रिकेस निघाले. मोंबासाला त्यांचे चिरंजीव शंकर डॉक्टर होते. या खेपेस बायाही आफ्रिका पाहून आल्या. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीजांचा पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असे सुमारे पंधरा महिने अण्णा हिंडले. तेथे हिंदी व्यापारी आणि नोकरदार पुष्कळ, त्यांच्या घरोघर जाऊन वर्गणी मागितली. मला डोळ्यांपुढे दिसतात त्या बाया. आठव्या वर्षी विधवा झालेली, मुरुडच्या गावकीने ओटीवर चढू न दिलेली, आश्रमाच्या दारापासून लांब ठेवलेली ती बाई साठी उलटल्यावर आगबोटीच्या कठड्याशी उभी राहून आफ्रिकेचा किनारा पाहते आहे. तिकडेही माड आहेत म्हणतात, आपल्यासारखेच.

परत आल्यावर तरी स्वस्थ बसावे की नाही? १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी शाळा नसलेल्या खेड्यांतून शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापिले. निवृत्तिवेतन महिना ७० रुपये, त्यातले १५ रुपये या कामास. बाया यावर काय म्हणाल्या असतील ते मी लिहीत नाही. आपल्या घरी काय झाले असते ते आठवावे. १९४४ साली अण्णांनी समता संघ काढला, आणि त्याच वर्षी बायांचे 'माझे पुराण' छापून निघाले. त्यांची सून कावेरीबाई हिने ते संपादिले. सुनेने सासूचे पुराण ऐकून छापविले, ही गोष्ट मला सर्वांत गोड वाटली.

बाया १९५० साली गेल्या. अण्णांना १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि ते हयात असतानाच त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. १९६२ च्या नोव्हेंबरात, एकशे चार वर्षांचे होऊन, तेही गेले. वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' नाटक १९७२ साली आले, त्यातले नानासाहेब आणि बयो यांच्यावर याच दोघांची छाया आहे. नाटकामुळे पुष्कळांना बाया माहीत झाल्या. पण नाटकातली सावली निराळी आणि पुस्तकातली बाई निराळी. पुस्तकातली बाई कोणाची सावली वाटत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आपल्या मंडळातही बोलणे झाले होते, हे आठवत असेल. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सर्वांनाच बोलावले. आमच्या शेजारच्या काकीही आल्या, पण दाराशी, चपलांजवळ बसल्या. वाण घेतले आणि कुंकवाची बोटे पुढे आली तशी मान मागे घेतली. कोणीच काही बोलले नाही, मीही बोलले नाही. काकींना आग्रह करावा की त्यांच्या मनासारखे होऊ द्यावे, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि अजूनही कळत नाही. बायांना विचारले असते तर त्यांनी काहीतरी फटकन सांगितले असते.

'माझे पुराण' वाचनालयात परत करावयाची तारीख दोनदा उलटली आहे. सासूबाई सोडीत नाहीत. दिवेलागण झाली की ओटीवर येऊन बसतात आणि मी त्यांना चार-चार पाने वाचून दाखविते. परवा त्यांनी विचारले, "मगे मुरुडात त्येका घरात घेतलानी काय?" मी म्हटले, "थांबा, पुढे येईल." तर म्हणाल्या, "मगे आजच वाच."